पार्किन्सन्सची सुरुवात कशी ओळखायची? (हात थरथरत नाहीयेत)

निळाई
नमस्कार मंडळी,
बाबांबद्दल विचारायचं आहे. वय ६८, तब्येत एरवी ठणठणीत. गेल्या काही महिन्यांत एकेक गोष्ट खटकायला लागली आहे. चालताना त्यांचा उजवा हात हलत नाही, अंगालगत तसाच राहतो. सदऱ्याची बटणं लावताना शेवटच्या एक-दोन बटणांशी अडतात आणि आईला हाक मारतात. अक्षर बारीक झालंय. चेहरा बघून वाटतं की कशावर तरी चिडलेत, विचारलं तर म्हणतात, "मला काय धाड भरलीये?"

भावाचं म्हणणं, हे सगळं वयाचं. माझ्या मनात मात्र पार्किन्सन्सची (कंपवाताची) पाल चुकचुकतेय. पण त्यांचा हात अजिबात थरथरत नाही. थरथर नसताना हा आजार असू शकतो का? घरी काय बघायचं? आणि दाखवायचं कोणाला? लक्षणांच्या याद्या वाचून झाल्यात. ज्यांनी घरात हे पाहिलंय त्यांना पहिल्यांदा नेमकं काय दिसलं, ते वाचायला आवडेल.

हातचा_एक
असू शकतो. थरथरीची वाट बघत बसू नका. न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. बाकीचे सविस्तर लिहितीलच.

खारूताई
आमच्याकडे सुरुवात सासऱ्यांच्या खांद्यापासून झाली, म्हणजे तेव्हा आम्हाला ती सुरुवात वाटलीच नव्हती. डावा खांदा आखडला, हात वर जाईना. फ्रोझन शोल्डर म्हणून शेक, मलम, व्यायाम सगळं झालं. खांदा थोडा सुटायचा, पुन्हा जैसे थे.

शंका पहिल्यांदा घेतली ती फिजिओथेरपीवाल्या मुलीने. तिने त्यांचा हात कोपरातून हळूहळू वाकवला तर तो सरळ वाकेना, टप्प्याटप्प्याने अडत अडत जायचा. मग तिने त्यांना गप्पांत गुंतवलं, नोकरीच्या जुन्या गोष्टी काढल्या. ते रंगात येऊन बोलायला लागले आणि मांडीवर ठेवलेल्या डाव्या हाताचा अंगठा तर्जनीवर फिरायला लागला, बोटांत गोळी वळावी तसा. त्यांना पत्ताच नव्हता. तिने म्हटलं, "काका, तो पेला जरा द्या." हात पुढे केला आणि अंगठा गप्प! पेला देऊन हात मांडीवर आला की काही क्षणांत पुन्हा सुरू.

आम्ही एका घरात राहून कधी पाहिलं नव्हतं, कारण आमच्यासमोर तो हात नेहमी कशात तरी गुंतलेला असायचा. निळाई, बाबा टीव्ही बघत असताना किंवा चालत असताना हाताकडे बघ. हात पूर्ण स्वस्थ सोडलेला हवा. आणि "हात पुढे करून दाखवा" म्हणू नकोस, ती थरथर वेगळी.

टवाळखोर
चेहऱ्यावर भाव नाहीत, आवाज ऐकू येत नाही, हाक मारली तर उठायला वेळ लागतो, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर नाही. म्हणजे मला लग्नानंतर लगेच झालेला दिसतोय.
हलके घ्या. निळाई, गंमत बाजूला, वेळ काढू नका.

शंकासुर
थोडं कटू बोलतो. असे धागे आले की पुढचे आठ दिवस अर्धे सभासद स्वतःचे हात निरखत बसतात. बद्धकोष्ठ, वास न येणं, झोप नीट नसणं, मूड नसणं... या यादीत न बसणारा माणूस साठीनंतर दाखवा मला.

आणि दुसरा मुद्दा. हा आजार बरा होत नाही, त्याची वाढ रोखणारं औषधही नाही. मग लवकर कळून करायचं काय? काही वर्षं कमी काळजीत गेली तर वाईट काय?

नाडीपरीक्षा
मी फिजिशियन आहे, न्यूरॉलॉजिस्ट नाही. तरी थोडं लिहितो.

निळाईताई, तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: हो, थरथर नसतानाही असू शकतो. सुरुवातीला थरथर असते ती साधारण ७० टक्के रुग्णांना. म्हणजे उरलेल्यांना नसते, आणि तेच जास्त काळ चुकीच्या दारात फिरतात. निदानासाठी जे असायलाच लागतं ते म्हणजे हालचालींचा मंदपणा. त्याच्या जोडीला स्नायूंचा ताठरपणा किंवा विसाव्यातली थरथर, दोन्हींपैकी किमान एक.

मंदपणा म्हणजे नुसतं सावकाश नव्हे. सत्तरीचा माणूस सावकाश असतोच. आम्ही अंगठा आणि तर्जनी एकमेकांना टेकवून भराभर उघडझाप करायला सांगतो, जितकी मोठी आणि जितकी जलद जमेल तितकी. नुसतं वय झालेला माणूस ती सावकाश करेल, पण एकसारखी करत राहील. पार्किन्सन्समध्ये पहिल्या चार-पाच उघडझापा ठीक होतात, मग बोटांतलं अंतर आकसत जातं, मध्येच बोटं अडतात. हीच गोष्ट अक्षरात दिसते, पावलांत दिसते, बोलताना आवाजात दिसते. बाबांची पहिली बटणं लागतात आणि शेवटच्यांशी ते अडतात, हे मला म्हणूनच महत्त्वाचं वाटलं.

दुसरं म्हणजे बाजू. हा आजार बहुतेक वेळा एका बाजूने सुरू होतो आणि दुसरी बाजू धरली तरी पहिल्या बाजूला त्रास जास्तच राहतो. वयाने येणारा जडपणा असा एक हात निवडून येत नाही.

शंकासुर, तुमचा पहिला मुद्दा बराचसा मान्य. बद्धकोष्ठ किंवा वास कमी येणं यावरून एकट्याने काहीच सिद्ध होत नाही. त्यांना किंमत येते ती हालचालीतल्या बदलासोबत. दुसरा मुद्दा मान्य नाही, पण त्यावर इथे कोणी स्वतः अनुभवलेला माणूस लिहील तर बरं.

निळाईताई, एक विचारायचं राहिलं. बाबांना चक्कर, ॲसिडिटी, मळमळ, मायग्रेन किंवा झोप-मानसिक त्रास यासाठी कुठली गोळी बऱ्याच काळापासून चालू आहे का? नावं बघून लिहा. हे फार महत्त्वाचं आहे.

कोरा_कागद
अक्षराबद्दल +१.
आईचा चेक बँकेतून परत आला, सही जुळत नाही म्हणून. आई चिडली, आम्ही बँकेवर चिडलो. नंतर घरी तिची हिशेबाची वही चाळली तर बँकेचं काय चुकलं? जुन्या पानांवर टपोरं अक्षर. मग हळूहळू दोन ओळींच्या मध्ये भरपूर जागा सुटायला लागलेली. शेवटच्या पानांवर तर प्रत्येक ओळ धडधाकट सुरू होऊन उजवीकडे जाता जाता मुंगीएवढी झालेली.

चष्म्याचा नंबर बदलला असेल असं वाटलं, दुसरं काही तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं नाही. कोणाला बघायचं असेल तर एकच वाक्य खाली खाली पाच-सहा वेळा लिहायला सांगा, रेघा नसलेल्या कागदावर. तारीख घालून ठेवा. आईच्या डॉक्टरांनी तो कागद फाइलला लावून घेतला होता.

दवबिंदू
मी इतके दिवस वाचनमात्र होते, आज लिहावं लागतंय. नवरा ५४ वर्षांचा. झोपेत ओरडतो, हात उगारतो, मागे एकदा पलंगावरून खाली पडला. उठवलं तर म्हणतो, "कोणीतरी मागे लागलं होतं, त्याला मारत होतो." आम्ही यावर हसायचो. आता यादीत हेही आहे असं दिसतंय. दिवसा त्याला काही त्रास नाही. मी काय करू?

शंकासुर
बघा. आठ दिवस म्हटलं होतं, आठ तासही गेले नाहीत.

नाडीपरीक्षा
दवबिंदू, स्वप्न बघताना आपले हातपाय मेंदूने एरवी बंद करून ठेवलेले असतात. ते बंद राहिले नाहीत की माणूस स्वप्नातली मारामारी पलंगावर करतो. याला आरईएम स्लीप बिहेवियर डिसऑर्डर म्हणतात. पण झोपेत ओरडणारा प्रत्येक जण यात बसत नाही. झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असेल तरी असंच दिसू शकतं, नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही होतं. म्हणून झोपेची तपासणी करतात.

तपासणीत तोच विकार निघाला तर मात्र गंभीरपणे घ्यायचा. अशा लोकांपैकी निम्म्याहून जास्त जणांना पुढच्या दहा-बारा वर्षांत पार्किन्सन्स किंवा त्याच्या भाऊबंदांपैकी एखादा आजार झालेला दिसला आहे. हे लपवण्यात अर्थ नाही. तूर्तास पलंगाजवळची टोकदार, काचेची वस्तू हलवा, खाली गादी टाका आणि झोपेच्या डॉक्टरांना दाखवा. हसू नका, पण घाबरूही नका.

दवबिंदू
धन्यवाद डॉक्टर. मोबाइलवर रेकॉर्डिंग करून ठेवते. तो मान्यच करत नाही.

पायवाट
नाडीपरीक्षा यांनी बोलावलंच आहे तर लिहितो. मला पार्किन्सन्स आहे. निदान झालं तेव्हा ४३ चा होतो.

मी पळायचो. थोडं अंतर गेलं की डाव्या पायाची बोटं आपोआप आत वळायची आणि पाऊल घासायला लागायचं. थांबलो की ठीक. त्यानंतर डाव्या चपलेचा आवाज यायला लागला, फरफट फरफट. कमरेचा एमआरआय झाला, मणक्यात थोडं काहीतरी सापडलं (शोधलं की सापडतंच), मग कमरेचे उपचार. बूट बदलले. त्याच सुमारास मन लागेना झालं. काही दुःख नाही, कारण नाही, पण कशाची म्हणून हौस उरली नाही. त्यासाठी वेगळे डॉक्टर. दोन डॉक्टर, दोन फायली, आणि मध्ये मी.

हा आजार म्हाताऱ्यांचा आहे हे इतकं घट्ट बसलेलं असतं की चाळिशीतल्या माणसाकडे बघून कोणाच्या मनात येत नाही. अभिनेता मायकेल जे. फॉक्सला निदान झालं १९९१ मध्ये, तिशीच्या उंबरठ्यावर, आणि त्याचंही सुरू कुठून झालं तर डाव्या करंगळीपासून. त्याने जगाला सांगितलं १९९८ मध्ये.

आता शंकासुर, तुमचा प्रश्न. लवकर कळून काय करायचं?
पहिलं म्हणजे तुम्ही आळशी, माणूसघाणे किंवा वेडे नाही हे कळतं. मला ते ऐकून रडू आलं, पण ते सुटकेचं होतं. दुसरं, औषध. आजार थांबवत नाही हे खरं, पण लिव्होडोपा सुरू झाल्यावर मी पुन्हा स्वतःची बटणं स्वतः लावायला लागलो. ज्याला बटणं लावता येतात त्याला यात काय विशेष ते कळणार नाही. तिसरं, व्यायाम. हातपाय चालतायत तोवर लागलेली व्यायामाची सवय पुढे कामाला येते. पडायला लागल्यावर सुरू करणं फार अवघड. चौथं, नोकरी, पैसे, गाडी चालवणं, घरच्यांशी बोलणं, हे सगळं डोकं शांत असताना ठरवता आलं.
"काही वर्षं कमी काळजीत" गेली नाहीत हो माझी. ती वर्षं मी काय होतंय ते न कळण्यात घालवली.

शंकासुर
पायवाट, हे वाचून माझा दुसरा मुद्दा मी मागे घेतो. पहिल्यावर ठाम आहे. :)

पायवाट
पहिल्यावर मीही तुमच्याच बाजूचा आहे. आमच्या ओळखीत हल्ली कोणाला शिंक आली तरी मला फोन करून विचारतात.

खारूताई
निळाईच्या "चिडलेले दिसतात" वर लिहायचं राहिलं होतं. आमच्याकडे यावरून रामायण झालंय. सासूबाईंचं एकच पालुपद, "यांना माझ्याशी बोलायचंच नसतं, तोंड बघा." नातवंडं म्हणायची आजोबा रागावतात. त्यात आवाज खाली गेलेला, दोनदा "काय?" म्हटलं की ते बोलणंच सोडून द्यायचे. मग सासूबाई म्हणायच्या, बघ, उत्तरही देत नाहीत.

निदान झाल्यावर डॉक्टरांनी सासूबाईंना समोर बसवून सांगितलं की चेहऱ्याचे स्नायूही मंद होतात, पापण्याही कमी लवतात, आत माणूस तोच आहे. सासूबाई बराच वेळ गप्प, मग म्हणाल्या, "मग आता भांडायचं कसं?" आणि सासरे हसले. म्हणजे चेहरा तसाच होता, पण खांदे हलत होते ना!

वेताळ_पंचविशी
वासाचा विषय निघालाय म्हणून थोडं अवांतर. स्कॉटलंडमध्ये जॉय मिल्न नावाच्या एक परिचारिका आहेत. त्यांच्या नवऱ्याच्या अंगाचा वास बदलल्याचं त्यांना जाणवलं, आणि बऱ्याच वर्षांनी, पंचेचाळिशीत, त्याला पार्किन्सन्स असल्याचं निघालं. पुढे रुग्णांच्या एका मेळाव्याला गेल्या तर तिथे सगळ्यांना तोच वास! त्यांनी एका संशोधकाला हे सांगितलं. एडिंबरा विद्यापीठात मग परीक्षा झाली. १२ जणांनी घातलेले टीशर्ट, सहा रुग्णांचे, सहा निरोग्यांचे. बाईंनी सगळे रुग्ण बरोबर ओळखले, फक्त एका निरोगी माणसालाही रुग्ण ठरवलं. आठ महिन्यांनी त्याच माणसाला पार्किन्सन्सचं निदान झालं. त्वचेतून येणाऱ्या तेलकट द्रव्यात काय बदलतं यावर त्यानंतर मँचेस्टरमध्ये काम सुरू झालं.

टवाळखोर
आमच्या हिला माझ्या टीशर्टचा वास दुसऱ्या मजल्यावरून येतो. तो आजार वेगळा.

हातचा_एक
वेताळ, रोचक. पण धाग्यापुरतं उपयोगाचं हे की रुग्णाला स्वतःला वास येणं कमी होतं आणि पुष्कळदा ते हालचालींच्या कितीतरी वर्षं आधी. गंमत म्हणजे त्या माणसाला ते कळत नाही, सर्दी समजून सोडून देतो.

मध्यमवय
उलट बाजूही लिहून ठेवते, नाहीतर थरथर म्हणजे पार्किन्सन्स असं समजून कोणी हाय खाईल. माझ्या आईचे हात कित्येक वर्षं थरथरतायत. नातेवाइकांनी परस्पर निदान करून टाकलं होतं. तपासणीत निघाला इसेन्शियल ट्रेमर. फरक असा: तिचे दोन्ही हात थरथरतात, आणि काही करायला गेली की. पेला तोंडाशी नेताना, सुईत दोरा ओवताना, सही करताना. हात मांडीवर ठेवले की शांत. मानही हलते, आवाजही थोडा कापतो. मामाला आहे, आजोबांनाही होता. अक्षर वेडंवाकडं येतं, पण मोठं येतं, बारीक नाही. चालणं झकास, माझ्या पुढे असते.

नाडीपरीक्षा
मध्यमवय, नेमकं लिहिलंत. या दोन्हींत गल्लत फार होते.

शंकासुर
पण एवढं सगळं बघत बसण्यापेक्षा मेंदूचा एमआरआय काढला की विषय संपला ना?

नाडीपरीक्षा
संपत नाही, हीच तर अडचण. पार्किन्सन्समध्ये साधा एमआरआय बहुधा नॉर्मल येतो. तो काढायचा तो दुसरं काही नाही ना हे बघायला: छोटे छोटे पक्षाघात, गाठ, मेंदूत साठलेलं पाणी. डॅट स्कॅन नावाची तपासणी आहे, तिच्यात मेंदूतल्या, हालचाल सांभाळणाऱ्या डोपामिन या रसायनाच्या पेशींचा ऱ्हास दिसतो. इसेन्शियल ट्रेमर वेगळा काढायला ती चांगली, पण पार्किन्सन्सची भावंडं त्यात वेगळी ओळखू येत नाहीत. निदान अजूनही मुख्यतः बघून, चालवून, हात वाकवून, आणि काही काळाने पुन्हा बघून होतं. लंडनच्या जेम्स पार्किन्सनने १८१७ मध्ये या आजाराचं पहिलं नीट वर्णन लिहिलं तेव्हा त्याच्याकडे सहा माणसं होती, त्यातली काही तर त्याला नुसती रस्त्यात दिसलेली. आजही जाणकार डॉक्टर तुम्ही दारातून खुर्चीपर्यंत येईतो निम्मं बघून घेतात.

मुळाक्षर
इतकी रसायनं कशाला? खाजकुहिलीचं बी घ्या. कंपवातावर पूर्वापार वापरलं जातं. दुष्परिणाम शून्य.

नाडीपरीक्षा
मुळाक्षर, खाजकुहिलीच्या बीमध्ये लिव्होडोपाच असतो, त्यामुळे ती काम करते यात आश्चर्य नाही. आणि म्हणूनच दुष्परिणाम शून्य असूच शकत नाहीत. मळमळ, रक्तदाब उतरणं, भास, अनावर हालचाली, जे गोळीने होतं ते याने होतं. शिवाय चमचाभर चुर्णात किती गेलं हे कोणाला ठाऊक? गोळ्या चालू असताना वर हे घेतलं तर डॉक्टरला डोसचा हिशेबच लागत नाही. घ्यायचंच असेल तर सांगून घ्या.

पायवाट
यावर माझा एक शब्द. मी सुरुवातीला गोळ्या पुढे ढकलत होतो, कारण कोणीतरी सांगितलं होतं की लिव्होडोपाचा असर काही वर्षांनी संपतो, म्हणून तो जपून ठेवायचा. तज्ज्ञांनी समजावलं की औषध झिजत नाही, आजार पुढे सरकतो. उशिरा सुरू करून पुढे फायदा होतो असं दिसलेलं नाही. ज्यांचं नवीन निदान आहे त्यांनी हे आपल्या डॉक्टरांना जरूर विचारा.

निळाई
सगळ्यांचे मनापासून आभार. उशीर झाला लिहायला, मधल्या काळात बरंच घडलं.

नाडीपरीक्षा यांनी विचारलं म्हणून बाबांचा औषधांचा डबा उपसला. चक्करेसाठी म्हणून कधीतरी सुरू झालेली सिनारिझिनची गोळी अजून चालूच आहे! ज्यांनी लिहून दिली त्यांच्याकडे नंतर गेलेच नाहीत, दुकानातून आणत राहिले. चक्कर कधीच थांबलेली.

दाखवलं न्यूरॉलॉजिस्टना. त्यांनी आधी बाबांना लांबच्या लांब पॅसेजमध्ये चालवलं आणि मलाच विचारलं, "काय दिसतंय?" वळताना बाबा एका झटक्यात न वळता पाच-सहा छोटी पावलं टाकून वळत होते, हे मी इतके दिवस बघूनही पाहिलं नव्हतं. बोटांची उघडझाप उजव्या हाताची अगदी वर लिहिलंय तशी, आकसत गेली. मग डोळ्यांनी वर-खाली बघायला लावलं, झोपवून आणि उभं करून रक्तदाब घेतला, मागे उभं राहून खांदे ओढून तोल बघितला.

वास येतो का विचारलं तर बाबा म्हणाले, "उत्तम येतो." आई म्हणाली, "गॅसचं बटण अर्धवट उघडं राहिलेलं मला बाहेरच्या खोलीतून कळलं, तुम्ही शेगडीशेजारी उभे होतात." यावर दोघांची तिथेच जुंपली. डॉक्टर शांतपणे लिहून घेत होते.

निष्कर्ष: अजून नक्की नाही. ती गोळी आता बंद करायला सांगितली आहे, काही महिन्यांनी पुन्हा बघणार. तोवर रोज चालणं आणि व्यायाम. भावाला मी हा धागा पाठवलाय.

नाडीपरीक्षा
योग्य मार्गावर आहात. नुसत्या औषधामुळे होणारा पार्किन्सन्ससारखा प्रकार पुष्कळदा दोन्ही बाजूंना सारखा असतो आणि गोळी बंद केल्यावर काही आठवड्यांत, कधी सहा महिने किंवा जास्त घेऊन ओसरतो. तुमच्याकडे एक बाजू जास्त आहे आणि वासही गेलेला दिसतो, म्हणून त्यांनी "नक्की नाही" म्हटलं असावं. मुळात सुरू होऊ घातलेला आजार अशा गोळीने आधी उघडा पडतो, असंही होतं.

इतर वाचकांसाठी: सिनारिझिन, फ्लुनारिझिन, मेटोक्लोप्रमाइड, प्रोक्लोरपेराझिन, लेव्होसल्पिराइड, आणि हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोनसारखी मानसिक आजारांवरची काही औषधं यात येतात. पोटाच्या गोळ्यांत लेव्होसल्पिराइड दुसऱ्या औषधासोबत जोडलेलं असतं, त्यामुळे पाकिटाच्या मागचं बारीक अक्षर वाचा. पण कृपा करून परस्पर काहीही बंद करू नका. मानसिक आजाराची किंवा फिट्सची गोळी अचानक थांबवली तर भलतंच होऊन बसेल.

मधल्या काळात दोन गोष्टींवर नजर ठेवा: वारंवार पडणं, आणि उभं राहिल्यावर अंधारी येणं. पहिल्याच वर्षात माणूस पडायला लागला तर तो साधा पार्किन्सन्स नसून भावंडांपैकी एखादा असण्याचा संशय घ्यावा लागतो. तसं दिसलं तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता जा. आणि ते मागून खांदे ओढणं घरी करून बघू नका, माणूस खरंच पडतो.

कोरा_कागद
निळाई, आजच एक कागद लिहून घे बाबांकडून. आणि चालताना-वळतानाचा व्हिडिओ, पावलं दिसतील असा. पुढच्या वेळी डॉक्टरांना तुलना करायला मिळेल.

निळाई
घेतला कालच. बाबांनी वाक्य निवडलं, "मला काहीही झालेलं नाही." सहा वेळा. शेवटचं भिंगातून वाचावं लागलं.

दवबिंदू
आमच्या झोपेच्या तपासणीची तारीख मिळाली. रेकॉर्डिंग दाखवल्यावर नवरा गार पडला, म्हणाला, "हा मी आहे?"

शंकासुर
मंडळी, आता हसू नका. ते बोटांच्या उघडझापेचं मी सहज करून पाहिलं. उजव्या हाताने भराभर होतं, डाव्याने जरा मागे पडतं. तीन-चारदा केलं, दर वेळी तेच. रात्री झोप नाही. डॉक्टर?

नाडीपरीक्षा
तुम्ही उजवे आहात का?

शंकासुर
हो.

नाडीपरीक्षा
उजव्या माणसाचा डावा हात थोडा मागेच असतो. उघडझाप आकसत जाते का ते बघायचं, वेग नव्हे. झोपा आता.

टवाळखोर
पहिला मुद्दाही मागे घेताय का मग?